ग्रानादात आई-बाबांना घेऊन पाच दिवस : खाणं, गाणं आणि रात्रीची जाग

मधुरा_म्युनिक

नमस्कार मंडळी. एप्रिलअखेर आई-बाबा कोल्हापूरहून आमच्याकडे येतायत. बाबांच्या कपाटात एका जुन्या कॅलेंडरचं पान कित्येक वर्षं जपून ठेवलेलं आहे, अल्हाम्ब्रा या जुन्या राजवाड्यातल्या सिंहांच्या कारंज्याचं. ते कारंजं त्यांना दाखवायचं म्हणून ३० एप्रिल ते ४ मे स्पेनमधलं ग्रानादा ठरवलंय. अल्हाम्ब्राची तिकिटं काढून झाली आहेत, तेव्हा त्याची काळजी नाही. प्रश्न आहे तो बाकीच्या वेळेचा.

आई पक्की शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाबा मासे खातात. दोघंही साडेआठला जेवून दहाला झोपणारी. आणि ग्रानादाबद्दल जे वाचावं त्यात हेच, की तिथे रात्री दहाच्या आत कुणी जेवत नाही आणि गाव बारानंतर जागं होतं. नवऱ्याच्या ऑफिसात सेव्हियाची एक मुलगी आहे, ती म्हणते, "ग्रानादाची माणसं तुसडी, त्यापेक्षा मालागाला जा." उलट तिथे शिकून आलेली आमच्या ओळखीची दोन मुलं त्या गावाचं नाव काढलं तरी हळवी होतात. यातलं खरं काय? सत्तरीतल्या दोघांना तिथली संध्याकाळ आणि रात्र खरोखर अनुभवता येईल का? त्यांना हॉटेलात बसवून आम्ही दोघांनीच फिरायचं, असं मला नकोय. मोठे प्रतिसाद आले तरी आवडतील.

पोटोबा

मी २०१४ ते १६ तिथल्या विद्यापीठात पोस्टडॉकला होतो, त्यामुळे लांबलचक लिहिणार.

आधी जेवणाचं. ग्रानादात पेय मागवलं की त्यासोबत खाणं येतंच. मागायचं नाही, त्याचे वेगळे पैसे नाहीत. यालाच तापा म्हणतात. दुसरं पेय मागवलं की दुसरा पदार्थ येतो, तिसऱ्याला तिसरा. बऱ्याच बारमध्ये हा क्रम ठरलेला असतो आणि नेहमीची गिऱ्हाइकं सांगतात, इथला पहिला साधा आहे, पण तिसऱ्यापर्यंत थांब. हा रिवाज अंदालुसियाच्या, म्हणजे स्पेनच्या या दक्षिणेकडच्या प्रांताच्या, पूर्वेकडच्या भागात टिकलाय, ग्रानादा, आल्मेरिया, हाएन या बाजूला. सेव्हियात तापा विकत घ्यावा लागतो. (नवऱ्याच्या सहकारी मुलीला हे विचारून बघ.)

तुझ्या आई-बाबांची साडेआठची वेळ बरोबर पहिल्या फेरीत बसते. दुपारी साडेतीन-चारला बंद झालेली स्वयंपाकघरं आठ-साडेआठला पुन्हा पेटतात. त्या वेळी गेलात तर बसायला जागा मिळते, पदार्थ कढईतून थेट ताटलीत येतो आणि वाढणाऱ्याला बोलायला सवड असते. दहा वाजता गेलात तर उभ्याने, दुसऱ्याच्या खांद्यावरून ताटली घ्यावी लागेल. ती मजाही घ्याच, पण दुसऱ्या दिवशी.

आई-बाबा घेत नसतील तर मोस्तो मागवा. न आंबवलेला द्राक्षाचा रस, बर्फ आणि संत्र्याची चकती घालून देतात. त्याच्यासोबतही तापा येतो. घेणाऱ्यांनी तिंतो दे व्हेरानो घ्यावं, रेड वाइनमध्ये लिंबाचा सोडा. सांग्रिया पर्यटक पितात, गावातली माणसं हे पितात.

नाव्हास गल्लीत दर दोन पावलांवर बार आहे, पण तिथे आता पाहुणेच जास्त. रेआलेखो भागातल्या कांपो देल प्रिन्सिपे चौकात जा. झाडं आहेत, बाकं आहेत, मुलं चेंडू खेळत असतात.

रानवारा

पेयासोबत जेवण फुकट? मी पासपोर्ट शोधायला उठलो.

हिशेबी

फुकट काहीच नसतं हो. ग्लासाच्या किमतीत ते धरलेलंच असतं. शिवाय काय येईल ते आपल्या हातात नाही. ज्याला पथ्यं आहेत, आवडीनिवडी आहेत, त्याला ठरवून मागवता येणं हेच सोयीचं. त्या बिचाऱ्या आईंनी ताटलीत काय येईल याची धास्ती घेत का बसावं?

पोटोबा

@हिशेबी, मी असताना छोटी बिअर, म्हणजे कान्या, दोन-सव्वादोन युरोला होती. माद्रिदमध्ये जवळपास तेवढ्यालाच मिळायची आणि सोबत चार ऑलिव्ह. ग्रानादात तेवढ्याच पैशांत तळलेल्या माशांची ताटली. आता भाव वाढलेत हे खरं. पण मला किमतीपेक्षा त्यातली रीत आवडायची. घरी कुणी आलं की आपण आधी पाणी आणि काहीतरी खायला पुढे करतो, 'काय घेणार' हे नंतर विचारतो. तसंच आहे ते. पथ्यांचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर, त्यावर कुणी जाणकाराने लिहावं.

सावनी_के

लिहिते. मी जन्मापासून शाकाहारी आणि नोकरीपायी पाच वर्षं अंदालुसियात.

मधुरा, नुसतं 'सिन कार्ने', म्हणजे 'मांस नको', म्हणू नकोस. तिथल्या बोलण्यात कार्ने म्हणजे मटण-चिकन, त्यात हामोन धरत नाहीत. डुकराच्या सुकवलेल्या मांसाचे ते बारीक तुकडे पालेभाजीवर, सुपावर, कशावरही येतात. ट्यूनाचंही तेच. हे वाक्य पाठ कर : "नो कोमो कार्ने, नी हामोन, नी पेस्कादो, नी आतून, नी वेवो." शेवटचं अंड्यासाठी. स्पॅनिश लिपीत कागदावर लिहून आईंच्या पर्समध्ये ठेव आणि पेय मागवतानाच दाखव. ताटली आल्यावर परत पाठवली की बल्लवाचा विरस होतो, आधी सांगितलं की तो आनंदाने बदलून देतो.

आता काय खायचं ते. पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'बेरेन्खेनास कोन मिएल दे कान्या'. वांग्याचे पातळ काप पिठात घोळवून कडक तळतात आणि त्यावर मिएल दे कान्या सोडतात. मिएल म्हणजे मध, पण हा मध नाही. ही उसाची काकवी! ग्रानादाच्या दक्षिणेला मोत्रिल-सालोब्रेन्याचा किनारा आहे, तिथे अरबांनी ऊस आणला आणि हजारेक वर्षं तो पिकला. तिथला शेवटचा साखर कारखाना २००६ मध्ये बंद पडला. काकवी आता शेजारच्या मालागा प्रांतात फ्रिखिलियाना गावात बनते. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण आजी आम्हाला भाकरीवर काकवी घालून द्यायची. काही ठिकाणी पिठात अंडं घालतात, तेवढं विचारून घे.

दुसरं 'पातातास आ लो पोब्रे', बटाटा, कांदा आणि ढोबळी मिरची ऑलिव्ह तेलात मंद शिजवतात. सालमोरेखो हे टोमॅटो आणि पावाचं दाट थंड सूप, त्यावर अंडं आणि हामोन भुरभुरतात, ते नको म्हणून सांगायचं. सकाळी भाजलेल्या पावावर टोमॅटो आणि तेल. काल्देरेरिया नुएव्हा या चढावाच्या गल्लीत मोरोक्कन चहाची दुकानं आहेत, पुदिन्याचा चहा आणि फलाफल मिळतं. पियोनोनो नावाचा छोटा केक फार प्रसिद्ध आहे, पण त्यात अंडं असतं, तो बाबांना द्या.

सांगोल्याचा_अण्णा

थोडं अवांतर. ग्रानादा म्हणजे स्पॅनिशमध्ये डाळिंब, असं पोरगा सांगत होता. आमची तीन एकर भगवा जातीच्या डाळिंबाची बाग आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गावात डाळिंबाच्या बागा आहेत का नुसतं नावच?

सावनी_के

अण्णा, गाव डाळिंबांनी भरलेलं आहे, पण लोखंडाच्या आणि चिनी मातीच्या! रस्त्याकडेला गाड्या चढू नयेत म्हणून जे लोखंडी खांब असतात त्यांच्या टोकाला डाळिंब आहे. फाखालाउसा नावाची निळी-हिरवी भांडी तिथली खासियत, त्यांवर डाळिंब काढलेलं असतं. नाव मुळात अरबी 'घरनाता'वरून आलं, फळाशी ते उच्चारामुळे जुळलं. १४९२ मध्ये राणी इसाबेल आणि राजा फर्नांदोनी गाव घेतल्यावर डाळिंब राजचिन्हात गेलं आणि आजही स्पेनच्या चिन्हात तळाशी आहे. किनाऱ्याकडे फळबागा आहेत. आल्मुन्येकारला चिरिमोया पिकतं, ते आपल्या सीताफळाचं भावंड. बिया काळ्याभोर, गर गुळगुळीत, खवले नाहीत.

भटकभवानी

सगळे इतकं गोड लिहितायत म्हणून माझा अनुभव लिहायलाच हवा. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघी मैत्रिणी गेलो होतो. एका बारमध्ये मेन्यू मागितला तर काउंटरमागच्या गृहस्थांनी मान वर न करता भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर खडूने लिहिलेलं, तेही आम्हाला न कळणाऱ्या अक्षरात. दोन प्रश्न विचारले तर सुस्कारा. पाणी मागितलं तर बाटली आपटली. कुठेही हसू नाही. अल्हाम्ब्रा अप्रतिम, पण 'पाहुणचाराचं गाव' म्हणवणाऱ्या ठिकाणी मला एकदाही आपलेपणा वाटला नाही. कॅथेड्रलपाशी रोजमेरीची काडी हातात खुपसून पैसे मागणाऱ्या बायकांचा त्रास वेगळाच. काडी घ्यायचीच नाही, हात खिशात ठेवायचे.

कोथरूडकर

भटकभवानी, वाईट वाटलं वाचून. पण भिंतीकडे बोट दाखवणारा माणूस वाचला आणि मला आमच्या आळीतले डेअरीवाले काका आठवले. तीस वर्षांत ते माझ्याशी हसून बोलले नाहीत, आणि माझ्या लग्नात चक्का त्यांनीच पाठवला, न सांगता.

डोंगरमाथा

मी सध्या ग्रानादातच राहतो, आठवं वर्ष. कोथरूडकरांनी नस पकडली.

या प्रकाराला इथे शब्द आहे, मालाफोया. ग्रानादाची खास आंबट बोलण्याची तऱ्हा. बाहेरचे तक्रार करतात आणि इथले लोक तो शब्द स्वतःहून, अभिमानाने सांगतात. सेव्हियाचा माणूस पहिल्या मिनिटाला मिठी मारेल. ग्रानादाचा तुमच्याकडे बघणारही नाही. भटकभवानींना जे वाटलं ते खोटं नाही, चार दिवसांच्या मुक्कामात एवढंच दिसू शकतं. पण मी जे पाहिलं तेही सांगतो.

घराखालच्या बारमध्ये मी रोज संध्याकाळी एक ग्लास घेतो. मालक साठीचा. पहिली दोन वर्षं आमचं संभाषण म्हणजे तो भुवई उंचावणार आणि मी मान हलवणार. तिसऱ्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला. बारा दिवस खाली उतरलो नाही. तेराव्या दिवशी गेलो, तर त्याने नेहमीसारखी भुवई उंचावली नाही. आत गेला आणि पुचेरोची वाटी घेऊन आला. हरभरे आणि कोंबडी तासन्‌तास उकळून काढलेलं पाणी, वर पुदिन्याची दोन पानं. ठेवताना म्हणाला, "बिअर नाही मिळणार. हे पी." पैसे काढले तर हात झटकला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकावर ओरडायला निघून गेला. सलग आठ दिवस हेच.

मधुरा, इथला माणूस तोंडाने स्वागत करत नाही, ताटलीने करतो. आई-बाबांना आधीच सांगून ठेव, चेहरा बघून मन खट्टू करून घेऊ नका. आणि आत शिरताना मोठ्याने "बुएनास" म्हणा. न बोलता आत येणारा इथे उद्धट समजला जातो. निम्मा आंबटपणा तिथेच संपतो.

भटकभवानी

आम्ही 'बुएनास' म्हटलं नव्हतं, हे आत्ता आठवलं. तरी बाटली आपटायची गरज नव्हती, हे माझं मत कायम. पण वाटीची गोष्ट आवडली.

तिहाई

मधुरा, आईंना गाण्याची आवड आहे का? असेल तर साक्रोमोंते चुकवू नका. अल्हाम्ब्रासमोरच्या टेकडीत खोदलेल्या गुहा आहेत, आत चुन्याने पांढऱ्या केलेल्या, भिंतींवर तांब्याची भांडी टांगलेली. हितानो लोकांची, म्हणजे स्पेनमधल्या रोमा समाजाची, पिढ्यान्‌पिढ्यांची घरं. तिथल्या नाचगाण्याला झांब्रा म्हणतात. त्याचं मूळ लग्नघरातल्या नाचात : आल्बोरेआ, काचुचा आणि मोस्का असे तीन नाच. गुहा अरुंद, पाहुणे दोन्ही भिंतींना टेकून, आणि नाचणारी बाई तुमच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. टाचेचा ठोका जमिनीतून तुमच्या खुर्चीत चढतो.

मी तबला वाजवतो, म्हणून तालाबद्दल. फ्लामेन्को या तिथल्या नाचगाण्यातला सोलेआ हा प्रकार बारा मात्रांचा. आपला एकतालही बारा मात्रांचाच, पण तो दोन-दोनच्या सहा खंडांत चालतो. सोलेआचा जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर, म्हणजे तीन-तीन-दोन-दोन-दोन. बोटांवर मोजत बसलं की दहाव्या मिनिटाला ते अंगात शिरतं. मात्र टाळ्या आपण द्यायच्या नाहीत. तिथे टाळी हे वाद्य आहे, चुकीच्या जागी पडली की नाचणारीचा तोल जातो. दाद द्यायची तर "ओले" म्हणा, आपल्या 'क्या बात है' सारखं, जागेवर.

नूपुर९

फ्लामेन्को कथकमधूनच आलं ना? आमच्या गुरू नेहमी सांगतात.

तिहाई

नूपुर, तसा थेट धागा कुणी सिद्ध केलेला नाही. रोमा लोकांचे पूर्वज भारतातून गेले हे भाषेवरून पक्कं आहे. त्यांच्या भाषेत नाकाला 'नाख', कानाला 'कान' आणि पाण्याला 'पानी'च म्हणतात, आणि आकडे येख, दुय, त्रिन, श्तार, पांज. स्पेनमध्ये त्यांची पहिली नोंद १४२५ ची. पण फ्लामेन्को घडलं ते अंदालुसियात, हितानो, अरबी, ज्यू आणि स्थानिक गाण्यांच्या मिसळणीतून, आणि आज दिसणारं त्याचं रूप बरंचसं अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं. कथकही आजच्या रूपात इतकं जुनं नाही. मला स्वतःला 'पानी' हा एक शब्द एवढा लांब टिकला, याचंच जास्त अप्रूप वाटतं. १७४९ मध्ये राजाच्या हुकमाने या लोकांना घराघरांतून पकडून कैदेत टाकलं होतं. त्यातून हे गाणं वाचलंय.

शाई

तिहाईंच्या प्रतिसादाला जोडून. १९२२ च्या जूनमध्ये संगीतकार मानुएल दे फाया आणि तरुण कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी अल्हाम्ब्राच्या आवारात 'कांते होंदो'ची, म्हणजे गंभीर, खोल गळ्याच्या गाण्याची स्पर्धा भरवली. शहाण्यासुरत्या मंडळींना तेव्हा हे गाणं दारूच्या गुत्त्यातलं वाटायचं. त्याला मानाने अल्हाम्ब्रात बसवलं, हे मोठं काम.

लोर्का याच मातीतला, १८९८ साली फुएन्ते व्हाकेरोसला जन्मलेला. ऑगस्ट १९३६ मध्ये, स्पेनमधल्या यादवीच्या सुरुवातीलाच, त्याला व्हिझ्नार आणि आल्फाकार गावांच्या मधल्या भागात गोळ्या घातल्या. मृतदेह आजवर सापडलेला नाही. त्याच्या कुटुंबाचं उन्हाळ्यातलं घर, उएर्ता दे सान व्हिसेन्ते, आता संग्रहालय आहे. भोवती गुलाबांची बाग. बाबांना तिथे न्या. विमानतळालाही त्याचंच नाव आहे.

रानवारा

धागा नाइटलाइफचा होता ना? निशाचर मंडळी कुठे आहेत?

निशाचर

आलो. एरास्मुसवर, म्हणजे युरोपातल्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेवर, एक वर्ष होतो.

विद्यापीठ १५३१ पासूनचं आहे आणि गावाची रात्र विद्यार्थ्यांच्या जिवावर चालते. पेद्रो आंतोनियो दे आलार्कोन नावाचा लांब रस्ता त्यांचा. क्लबमध्ये दोनच्या आधी गेलं तर झाडू मारणारा भेटतो. सकाळी सहाला बाहेर पडायचं, बिब-रांब्ला चौकाच्या बाजूला गरम चुरो आणि दाट चॉकलेट, मग झोप. मे महिन्यात सिएरा नेवाडाच्या शिखरांवर अजून बर्फ असतं आणि पहाटे ते गुलाबी दिसतं. तो रंग मी विसरलेलो नाही.

पण मधुरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर क्लबात नाही. ग्रानादाची खरी रात्र नऊ ते बारा, आणि ती रस्त्यावर असते. तिला पासेओ म्हणतात, सहकुटुंब रमतगमत फिरणं. अकरा वाजता चौकात आजोबा काठी टेकून बसलेले, बाबागाडीत तान्हं बाळ, आज्या नटूनथटून, लिपस्टिक लावून. तुझे आई-बाबा तिथे सर्वांत म्हातारे नसतील. दारो नदीच्या काठचा रस्ता रात्री चाला, डोक्यावर अल्हाम्ब्रा उजळलेला असतो आणि पाण्याचा आवाज ऐकू येतो. बाबांचे गुडघे दुखत असतील तर अल्बायसीन या टेकडीवरच्या जुन्या वस्तीच्या दगडगोट्यांच्या चढावर चालवू नका. प्लासा नुएव्हाहून सी-३१ ही छोटी बस वर जाते, साक्रोमोंतेला सी-३४.

डोंगरमाथा

निशाचर, सगळं खरं, पण त्याच रात्रीची दुसरी बाजूही सांगतो. अल्बायसीनमध्ये माझ्या गल्लीत मी आलो तेव्हा अकरा घरांत माणसं राहत होती. आज चार उरलीत, बाकीची पर्यटकांना भाड्याने. शेजारची कार्मेन, म्हणजे अंगण आणि बाग असलेलं जुनं घर, विकली गेली तेव्हा तिथल्या आजी सत्तर वर्षांचं लिंबाचं झाड सोडून उपनगरात गेल्या. रात्री दोनला चाकांच्या बॅगा दगडांवरून खडखडतात. येताना एवढं करा : शक्य असेल तर हॉटेलात उतरा, आणि वरच्या गल्ल्यांत रात्री आवाज खाली ठेवा. तिथे लोक झोपलेले असतात.

मधुरा_म्युनिक

बापरे, केवढं दिलंत! डोंगरमाथा, आम्ही रेआलेखोत छोटं हॉटेल घेतलंय. तिहाई, आई पूर्वी भजनी मंडळात होती, हार्मोनियम वाजवते. गुहेचं नक्की केलं.

फुलवा

कुणीच कसं लिहिलं नाही? मधुरा, तुम्ही ३ मेला तिथे आहात! तो क्रुसांचा दिवस, दिया दे ला क्रुस. प्रत्येक चौकात, अंगणात लाल फुलांचा उंच क्रूस उभारतात, भोवती मांतोन म्हणजे कशिदा काढलेल्या शाली, तांब्याची भांडी, फाखालाउसाच्या ताटल्या मांडतात. आपल्या गौरीपुढची आरास आठवेल. त्यात एक सफरचंद असतं आणि त्यात कात्री खुपसलेली. ते मुद्दाम शोधा. त्या जातीच्या सफरचंदाला तिथे 'पेरो' म्हणतात, आणि 'पेरो' म्हणजे 'पण' सुद्धा. आरास बघून कुणी "छान आहे, पण..." म्हणायच्या आधीच तो 'पण' कापून ठेवलाय!

हिशेबी

हे वाचून माझाच प्रतिसाद आठवला. कात्री मान्य.

मधुरा_म्युनिक

परत आलो. तीन आठवडे झाले, आई-बाबा काल कोल्हापूरला पोचले, आता निवांत लिहिते.

पहिल्या संध्याकाळी साडेआठला कांपो देल प्रिन्सिपेजवळच्या एका बारमध्ये गेलो. चौघांनी मिळून "बुएनास!" म्हटलं, बाबांचा आवाज वर्गात हजेरी घ्यावी तसा. वाढणाऱ्या गृहस्थांचा चेहरा डोंगरमाथांनी सांगितलाय तसाच. आईने पर्समधला कागद दिला. त्यांनी तो वाचला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि काही न बोलता गेले. मोस्तोसोबत वांग्याचे काप आले. सावनी, आईने पहिला घास घेतला आणि बाबांकडे बघितलं. बाबांनी काप उचलला, वास घेतला, म्हणाले, "अगं, ही काकवी. जरा जास्त कढलीय." त्यांचं बालपण गुऱ्हाळावर गेलंय. ताटलीतला थेंब अंगठ्यावर घेऊन तर्जनीने तार ओढून बघू लागले. काउंटरवरून ते गृहस्थ बघत होते. आत गेले, काकवीची अख्खी बाटली आणून बाबांपुढे ठेवली आणि उभे राहिले. बाबांनी दोन बोटांमधली तार दाखवून मान हलवली. मग मराठीतून बाबा आणि स्पॅनिशमधून ते, असं पाच मिनिटं ऊस, चरक आणि कढई यांवर बोलणं झालं. मी मध्ये पडले नाही, गरजच नव्हती. दुसरं पेय न मागवता दुसरी ताटली आली. पुढचे चारही दिवस आम्ही तिथेच गेलो आणि कागद परत दाखवावा लागला नाही, तो त्यांच्याच खिशात राहिला.

गुहेत आई पहिल्या रांगेत. मांडीवर बोटं मोजत होती, आधी चुकत होती, मग तीन-तीन-दोन-दोन-दोन जमलं. गाणारा म्हातारा सूर लावताना डोळे मिटून हात पुढे करायचा. आई म्हणाली, "अगदी आमच्या बुवांसारखा." तिने 'ओले' म्हटलं नाही, 'अहाहा' म्हटलं. त्याने डोळे उघडून तिच्याकडे बघून मान झुकवली.

अल्हाम्ब्रात बाबांनी कॅलेंडरचं पान पिशवीतून काढलं आणि बारा सिंहांसमोर धरलं. फोटोत अंगणात बारीक खडी आहे, आता पांढरा संगमरवर. रक्षकाला विचारलं तर म्हणाली, २०१२ मध्ये दुरुस्ती पूर्ण झाली, तेव्हापासूनचा. बाबा म्हणाले, "म्हणजे माझ्याकडे जुना आहे," आणि पान परत जपून पिशवीत ठेवलं.

३ मेच्या रात्री चौकात गाणी लावली होती आणि ठिपक्यांच्या झालरीच्या पोशाखातल्या आज्या सेव्हियाना नाचत होत्या. त्यातल्या एकीने आईचा हात धरून तिला मध्ये नेलं. आई नऊवारीत नव्हती याची तिला फार रुखरुख लागली. खोलीवर परतलो तेव्हा पाऊण वाजला होता. रात्री दहाला झोपणारी दोघं!

फुलवा, सफरचंद सापडलं, कात्रीसकट. अण्णा, बाबांनी लोखंडी डाळिंबाचे वेगवेगळ्या रस्त्यांवरचे अकरा फोटो काढलेत, तुमच्यासाठी टाकते.

सांगोल्याचा_अण्णा

टाका ताई. मुकुट बरोबर काढलाय का तेवढं बघायचंय.

भटकभवानी

मधुरा, तो बार नेमका कुठे? आम्ही चौघी ऑक्टोबरात परत जातोय.

मधुरा_म्युनिक

चौकातून वरच्या बाजूला निघालं की उजव्या हाताची दुसरी गल्ली, दाराशी तुळशीची कुंडी आहे, आपली नाही, तिथली बारीक पानांची. साडेआठला जा.